'अ रोझ फॉर एमिली'मधला 'आम्ही' नक्की कोण?

प्रश्न साधारण असा होता: एम.ए.ला अमेरिकन लेखक विल्यम फॉकनरची 'अ रोझ फॉर एमिली' ही कथा नेमलीय, गोष्ट वाचली, शेवटी अंगावर काटा आला, पण 'ऐतिहासिक आणि सांस्कृतिक पार्श्वभूमी लिहा' म्हटलं की गाइडमध्ये 'सिव्हिल वॉरनंतरचा (म्हणजे अमेरिकेतल्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धानंतरचा) दक्षिण भाग, जुन्या-नव्याचा संघर्ष' एवढंच सापडतं, त्यापुढे काय लिहायचं? शिवाय ही सरळसरळ भयकथा वाटते तर मॉडर्निस्ट, म्हणजे सांगायची जुनी रीत मोडणारी, का म्हणतात, आणि यात गुलाब कुठेय?

मी ही गोष्ट वीसेक वर्षं वर्गात शिकवतेय. मध्यंतरी मराठीत करायला घेतली होती आणि अडकले ती पहिल्याच वाक्यात, म्हणून तिथूनच सुरू करते. वाक्य साधं आहे, मिस एमिली ग्रिअरसन गेली तेव्हा सगळं गाव तिच्या मयताला गेलं. पण इंग्रजीत तिथे 'अवर होल टाउन' आहे. आता 'अवर' म्हणजे आमचं गाव की आपलं गाव? इंग्रजीत हा प्रश्नच येत नाही, मराठीत मात्र तुम्हाला पहिल्या ओळीतच ठरवावं लागतं. 'आमचं' म्हटलं की वाचणारा कुंपणाबाहेर उभा राहून ऐकतो. 'आपलं' म्हटलं की तोही त्या गर्दीत, चप्पल काढून व्हरांड्यात उभा. हा घोळ मी महिनाभर घातला आणि त्या महिन्यात मला या गोष्टीची पार्श्वभूमी जितकी कळली तितकी आधीच्या दहा वर्षांत कळली नव्हती, कारण यातला इतिहास एमिलीच्या आयुष्यात जेवढा आहे त्याच्यापेक्षा जास्त त्या 'वी', म्हणजे 'आम्ही', म्हणत गोष्ट सांगणाऱ्या गावात आहे.

ज्यांनी वाचली नाहीये त्यांच्यासाठी गोष्ट दोन मिनिटांत. मिसिसिपी राज्यातलं जेफरसन नावाचं गाव. एमिली खानदानी घरातली, बाप कडक, येईल त्या स्थळाला हाकलून लावणारा. बाप मेला तेव्हा ती तिशीची, लग्न नाही, हातात घराशिवाय काही नाही. तीन दिवस ती बाप मेलाय हेच मान्य करत नाही. मग गावात फुटपाथ बांधायला उत्तरेकडचा एक मुकादम येतो, होमर बॅरन, त्याच्याबरोबर ती रविवारी बग्गीतून फिरते, गाव कुजबुजतं. ती औषधाच्या दुकानातून आर्सेनिक आणते. होमर दिसेनासा होतो. घरातून वास येतो, गावचे चार लोक रात्री चोरासारखे जाऊन चुना टाकून येतात. पुढे दार बंद, फक्त टोब नावाचा काळा नोकर टोपली घेऊन ये-जा करतो. ती चौऱ्याहत्तराव्या वर्षी मरते, वरची खोली फोडतात, पलंगावर होमरचा सांगाडा आणि शेजारच्या उशीवर एक लांब करडा केस. संपली गोष्ट. फक्त ती या क्रमाने सांगितलेली नाही, त्याच्याकडे नंतर येते.

आधी घर. परीक्षेत नव्वद टक्के मुलं लिहितात की एमिलीचं घर म्हणजे युद्धाआधीच्या, गुलामगिरीच्या काळातल्या वैभवाचं प्रतीक. चुकीचं आहे. मजकूर नीट वाचा, फॉकनर म्हणतो की घर चौकोनी, लाकडी, एकेकाळी पांढरं, वर घुमट, सुळके, नक्षीच्या गॅलऱ्या, आणि हे सगळं 'सत्तरच्या दशकातल्या' शैलीचं. म्हणजे १८७० नंतरचं. युद्ध संपलं १८६५ ला. म्हणजे हे घर युद्ध हरल्यावर बांधलंय! जुन्या वैभवाचं म्हणून गाव ज्याच्याकडे बघतं ते मुळात पराभवानंतर उभं केलेलं आहे. मला तर वाटतं इथेच फॉकनरने अख्ख्या दक्षिणेचं गुपित फोडलंय, पण इतक्या हळू आवाजात की आपण घुमट-नक्षीचं वर्णन म्हणून पुढे जातो.

कारण 'जुना दक्षिण' ही गोष्टच बरीचशी नंतर रचलेली आहे. 'लॉस्ट कॉज', म्हणजे हरलेलं पण उदात्त कार्य, हा शब्दप्रयोग १८६६ सालच्या एका पुस्तकाच्या नावातून रुळला. युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतंच, आमच्या इभ्रतीसाठी होतं, आमचे सैनिक शूर, बायका पवित्र, नोकर निष्ठावान, अशी ती गोष्ट. पुढच्या पिढीने ती जास्तच मनावर घेतली. १८९४ मध्ये नॅशव्हिलला 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' (कॉन्फेडरसी म्हणजे युद्धात फुटून निघालेली दक्षिणी राज्यं) ही बायकांची संघटना सुरू झाली आणि गावोगावी कोर्टासमोर दगडी सैनिक उभे राहायला लागले. फॉकनरचं गाव ऑक्सफर्ड, मिसिसिपी (जेफरसन हे त्याचंच गोष्टीतलं नाव), तिथल्या चौकातला पुतळा १९०७ चा. युद्ध संपून बेचाळीस वर्षांनी! पहिल्याच वाक्यात एमिलीला 'कोसळलेलं स्मारक' म्हटलंय, पुरुष त्या स्मारकाला मान द्यायला आले आणि बायका घर आतून कसं आहे ते बघायला. स्मारक हा शब्द त्या काळच्या दक्षिणी वाचकाला पुस्तकी उपमा वाटणारच नाही, तो रोज भाजी आणायला जाताना त्याच्या खालून जायचा.

युद्धाची जखम खोटी होती असं मात्र नाही. ऑक्सफर्डचा चौक ऑगस्ट १८६४ मध्ये उत्तरेच्या सैन्याने जाळला. तिथल्या युनिव्हर्सिटीची पोरं 'युनिव्हर्सिटी ग्रेज' नावाच्या तुकडीत भरती झाली होती, ३ जुलै १८६३ ला गेटिसबर्गच्या लढाईतल्या त्या प्रसिद्ध चालीत त्यातले जे पुढे गेले ते सगळे मेले, जखमी झाले नाहीतर पकडले गेले. गोष्टीत एमिलीला जिथे पुरतात तिथे दोन्ही बाजूंच्या बेनाम सैनिकांच्या रांगा आहेत.

जाता जाता एक, आपल्याकडे या युद्धाला अगदी परकं समजायचं कारण नाही. उत्तरेने दक्षिणेची बंदरं अडवली, मिसिसिपीचा कापूस मँचेस्टरला जाईना, तेव्हा त्या जागी खानदेश-वऱ्हाडचा आणि गुजरातचा कापूस मुंबईमार्गे गेला, मुंबईत पैशाचा पूर आला, बॅक बे भरायच्या कंपनीचे शेअर वाटेल त्या भावाला विकले गेले, आणि १८६५ मध्ये तिकडे युद्ध थांबल्याची बातमी येताच सगळं धाडकन खाली. एमिलीच्या घराशेजारी सरकी काढायचे जिन आणि पेट्रोलचे पंप येऊन बसलेत असं गोष्टीत आहे ना, तो कापूस तोच.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं वाक्य. १८९४ हे गोष्टीत दिलेलं एकमेव साल. त्या वर्षी गावचे मेयर कर्नल सार्टोरिस एमिलीचा कर कायमचा माफ करतात, आणि खानदानी बाई दान घेणार नाही म्हणून थाप मारतात की तुझ्या वडिलांनी गावाला पैसे दिले होते, त्याची ही परतफेड. हे सगळ्यांना आठवतं. पण त्याच वाक्यात, स्वल्पविराम-डॅशच्या मध्ये, फॉकनर सार्टोरिसची ओळख काय करून देतो? की कोणत्याही काळ्या बाईने एप्रनशिवाय रस्त्यावर यायचं नाही असा हुकूम काढणारा तो हाच. एका वाक्यात दोन हुकूम, एक गोऱ्या बाईची लाज झाकणारा आणि दुसरा काळ्या बाईला 'तू कोणाच्या तरी घरची मोलकरीण आहेस' हे अंगावर घालून हिंडायला लावणारा. गोष्ट सांगणाऱ्या गावाला दोन्हींमध्ये काही विसंगत वाटत नाही, ते सहज सांगून जातं, आपणही सहज वाचून जातो. वर्गात मी हे वाक्य दोनदा मोठ्याने वाचायला लावते आणि दुसऱ्या वेळी कोणीतरी हमखास थांबतं.

आणि कर या शब्दाचा त्या वेळच्या मिसिसिपीत आणखी एक अर्थ होता. युद्धानंतर रीकन्स्ट्रक्शनच्या, म्हणजे दक्षिणेच्या पुनर्रचनेच्या काळात, साधारण १८७७ पर्यंत, काळ्या पुरुषांना मत मिळालं होतं, त्यांचे प्रतिनिधी निवडून गेले होते. १८९० मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली, मतदानासाठी वर्षाला २ डॉलर पोल टॅक्स भरलेला हवा आणि घटनेतलं कलम वाचता किंवा समजावून सांगता आलं पाहिजे, आणि समजलं की नाही ते ठरवणार गोरा कारकून. काळे मतदार यादीतून जवळजवळ पुसले गेले. १८९६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही 'वेगळे पण समान' म्हणून या विभागणीवर शिक्का मारला. म्हणजे चारच वर्षांच्या अंतरात, एकीकडे कर लावून माणसं गावाबाहेर काढली जातायत आणि दुसरीकडे कर माफ करून एक बाई गावाची 'परंपरा' म्हणून सांभाळली जातेय. तीस वर्षांनी नव्या पिढीचे नगरसेवक वसुलीला येतात तेव्हा एमिली त्यांना एवढंच सांगते की मला जेफरसनमध्ये कर नाही, कर्नल सार्टोरिसना विचारा. सार्टोरिस मरून दहा वर्षं झालेली. लोक याला वेड म्हणतात, मला ते तितकंसं वाटत नाही, कारण तिला तसं सांगणारे हेच लोक होते ना.

सार्टोरिस हे नावही हवेतून आलेलं नाही. फॉकनरचे पणजोबा विल्यम क्लार्क फॉकनर, युद्धातले कर्नल, नंतर रेल्वे काढली, लोकप्रिय कादंबरी लिहिली, आणि १८८९ मध्ये रिप्ली गावात भर चौकात जुन्या भागीदाराने त्यांना गोळी घातली. सार्टोरिस घराणं त्यांच्यावरून रचलेलं. म्हणजे ज्या पिढीचा ढोंगीपणा तो उघडा करतोय ती त्याच्या स्वतःच्या देवघरातली होती, म्हणून तर त्यात नुसता तिरस्कार नाही, माया पण आहे, आणि ही सरमिसळ पकडता आली नाही तर गोष्टीचा सूरच हुकतो.

आता वास. शेजारीण तक्रार करते, तेव्हाचे मेयर जज स्टीव्हन्स, ऐंशी वर्षांचे, म्हणतात, अहो, एखाद्या बाईला तोंडावर सांगायचं का की तुझ्या घराला वास येतो? मग रात्री चुना. औषधवाला कायद्याप्रमाणे विचारतो की आर्सेनिक कशाला हवंय, ती नुसती बघत राहते, तो आत जातो आणि पोऱ्याच्या हाती पुडकं पाठवतो, वर लिहिलेलं 'उंदरांसाठी'. दुसऱ्या दिवशी अख्खं गाव म्हणतं, ती जीव देणार, आणि तेच बरं! होमर बेपत्ता, कोणी चौकशी करत नाही. इथे वाचणाऱ्याला वाटतं की अरे, हे गाव भोळं आहे का? मला नाही वाटत. वास आला, विष घेतलेलं माहीत, माणूस गायब, आणि शेवटी वरची खोली चाळीस वर्षं कोणी पाहिली नव्हती पण ती 'फोडावी लागणार' हे आधीच ठाऊक होतं असं निवेदक स्वतःच बोलून जातो. या गावाला कळत होतं. फक्त बाई गोरी आणि ग्रिअरसन होती.

हे का म्हणते ते सांगते. सप्टेंबर १९०८, ऑक्सफर्ड, तेच गाव. नेल्स पॅटन नावाच्या काळ्या माणसावर एका गोऱ्या बाईच्या खुनाचा आरोप आला, त्याला तुरुंगात ठेवलं, त्याच रात्री जमावाने तुरुंग फोडून त्याला मारलं आणि प्रेत टांगलं. जमावाचं नेतृत्व मी केलं असं सांगणारा माणूस कोण, तर डब्ल्यू. व्ही. सुलिव्हन, अमेरिकेचा माजी सेनेटर, आणि त्याने ते अभिमानाने पेपरवाल्यांना सांगितलं. फॉकनर तेव्हा अकराव्या वर्षात, १९०२ पासून त्याच गावात वाढत होता. त्याने त्या रात्री काय पाहिलं या वादात मी पडत नाही. पण एकाच गावातली ही दोन 'कायद्याची' रूपं शेजारी ठेवा, एकीकडे आरोपावरून एका रात्रीत फाशी आणि दुसरीकडे पुरावा नाकात शिरतोय तरी चुना टाकून गप्प, मग तो 'वी' कसा दिसायला लागतो बघा. माझं 'आमचं' तिथे डळमळलं.

म्हणूनच टोब. त्याला सगळं माहीत होतं, घरात राहत होता, बाजारातून सामान आणत होता, चाळीस वर्षं. गाव म्हणतं त्याचा आवाज न वापरून गंजला होता. एमिली मेल्यावर तो बायकांसाठी पुढचं दार उघडतो, घरातून चालत मागच्या दाराने बाहेर पडतो आणि पुन्हा कोणालाच दिसत नाही. मुलं विचारतात, त्याने पोलिसांना का नाही सांगितलं? त्या काळच्या मिसिसिपीत काळ्या नोकराने जाऊन सांगायचं की माझ्या गोऱ्या मालकिणीने गोऱ्या माणसाला विष घातलं, आणि मेलेल्या माणसाबरोबर त्या घरात दुसरं कोण होतं हा प्रश्न कोणाकडे वळला असता? गोष्टीत त्याच्या नावापेक्षा 'द नीग्रो' हाच शब्द जास्त येतो आणि मजुरांसाठी तर त्याहून घाणेरडा शब्द येतो, तो निवेदकाच्या म्हणजे गावाच्या तोंडचा आहे, वर्गात मी तो उच्चारत नाही पण तिथे आहे हे लपवतही नाही.

आता होमर. तो यँकी आहे एवढं लिहून थांबू नका. युद्धाला तीसेक वर्षं झालीत आणि उत्तरेचा माणूस आता बंदूक घेऊन नाही, तर कंत्राट घेऊन आलाय, खेचरं, यंत्रं, काळे मजूर. 'न्यू साउथ' म्हणजे कारखाने, रेल्वे, उत्तरेचं भांडवल, हा त्या काळचा मोठा नारा, त्याचा गावपातळीवरचा चेहरा म्हणजे फुटपाथचा मुकादम. एमिलीचं त्याच्याबरोबर फिरणं म्हणजे जात-पंथ दोन्ही मोडणं. रोजंदारीवरचा माणूस! गावातल्या बायका तिला समजवायला बॅप्टिस्ट पाद्री पाठवतात, आणि फॉकनर हळूच सांगतो की एमिलीची मंडळी खरंतर एपिस्कोपल. दक्षिणेत एपिस्कोपल चर्च म्हणजे जुनी, जमीनदार, इंग्लंडशी नातं सांगणारी मोजकी घराणी आणि बॅप्टिस्ट म्हणजे बहुसंख्य साधी जनता. म्हणजे ज्यांना एरवी तिच्या फाटकातून आत पाऊल टाकता आलं नसतं ते आता तिला उपदेश करायला जातायत. पाद्री आत काय झालं ते कधीच सांगत नाही आणि परत जायला नकार देतो, मला तो प्रसंग फार आवडतो.

इथे अनुवादातली दुसरी अडचण. दक्षिणेत 'मिस' आणि पुढे पहिलं नाव ही आदराची पद्धत, म्हातारी झाली तरी मिस एमिली. मी आधी 'एमिलीबाई' केलं, ते शाळेतल्या बाईंसारखं वाटलं, 'एमिलीताई' करून बघितलं, ते फारच घरचं झालं, शेवटी 'मिस एमिली'च ठेवलं आणि आदर क्रियापदात आणला, 'त्या गेल्या, त्या म्हणाल्या'. तेव्हा लक्षात आलं की होमरबरोबर फिरायला लागल्यावर गावच्या बायकांच्या तोंडी 'पुअर एमिली' येतं. मिस गळून पडलं! मराठीत तिथे 'त्या'ची 'ती' होते, बिचारी ती. इंग्रजीत हे झर्रकन निसटतं. बाप वारल्यावर गावाला बरं वाटलं होतं, आता हिची कीव करता येईल म्हणून, आणि 'पुअर एमिली' म्हणजे ती संधी साधून घेतलेली आहे.

बायकांच्या बाबतीत एक विचित्र इतिहास आहे, विवाहित बायकांना स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवू देणारा कायदा अमेरिकेत अगदी आधी, १८३९ मध्ये, याच मिसिसिपीने केला, आणि बायकांच्या मताधिकाराची १९२० ची घटनादुरुस्ती मात्र याच राज्याने मंजूर केली १९८४ मध्ये. छापायची चूक नाही, एकोणीसशे चौऱ्याऐंशी. एमिलीसारख्या बाईला नोकरी करणं म्हणजे खानदानाला बट्टा, मग उरलं काय तर चिनीमातीच्या भांड्यांवर चित्रं काढायची शिकवणी. हा तेव्हा अमेरिकेत अब्रूदार बायकांचा अगदी लाडका छंद होता, मासिकातली चित्रं कापायची आणि बशीवर उतरवायची. गाव आपल्या पोरींना तिच्याकडे पाठवतं ते, फॉकनर म्हणतो, चर्चमध्ये पेटीत टाकायला पंचवीस सेंट देऊन पाठवतात त्याच भावनेने. पुढची पिढी आली, पोरींना ते कंटाळवाणं वाटलं, शिकवणी बंद, दार बंद.

पोस्टाचा तपशील छोटा आहे पण मला त्यावर हसू येतं. गावात घरपोच टपाल सुरू होतं आणि एमिली दारावर नंबराची पट्टी आणि पेटी लावू देत नाही. बहुतेक लेखात हे 'आधुनिकतेला विरोध' म्हणून येतं, येऊ दे. पण फॉकनर स्वतः १९२४ पर्यंत तीनेक वर्षं युनिव्हर्सिटीच्या पोस्टाचा पोस्टमास्तर होता आणि इतका बेकार की लोकांच्या टपालापेक्षा त्याचं लक्ष वाचनात आणि पत्ते खेळण्यात, तक्रारी झाल्या, शेवटी राजीनामा. दोन सेंटच्या तिकिटासाठी कोणाही ऐऱ्यागैऱ्याच्या हुकमात राहणार नाही, असा काहीसा त्याचा बाणा सांगितला जातो. टपालपेटी नाकारणाऱ्या बाईबद्दल त्याला मनातून थोडं कौतुक असणार, हा माझा अंदाज, परीक्षेत लिहू नका.

मॉडर्निस्ट का, तर इथे परत वेळेकडे येते. गोष्ट मयताने सुरू होते, मग करवसुली, मग तीस वर्षं मागे वास, मग बापाचं मरण, मग होमर, विष, आणि परत मयत. वास आधी येतो आणि विष नंतर, म्हणून वाचताना दोन आणि दोन चार होत नाहीत. मुलं वहीत टाइमलाइन काढतात, मीही काढली होती, पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलने, तीनदा खोडली. वडील १८९४ मध्येच गेले असं धरा, ती तेव्हा तिशीची, म्हणजे जन्म १८६४ च्या आसपास, चौऱ्याहत्तराव्या वर्षी मेली म्हणजे १९३८. गोष्ट छापून आली 'द फोरम' मासिकात, एप्रिल १९३० मध्ये! म्हणजे ती छापली तेव्हा बाई अजून जिवंत पाहिजे. वडील आधी गेले आणि माफी नंतर दिली असं धरलं तर जमतं, पण मग दुसरीकडे ओढाताण होते. समीक्षकांनी यावर निरनिराळी गणितं मांडलीत आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि मयताला ते म्हातारे येतात, कॉन्फेडरेट गणवेश ब्रशने साफ करून घातलेले, अंगणात बसून बोलतात की एमिली आमच्या बरोबरीची, आम्ही तिच्याबरोबर नाचलोय. साफ खोटं, युद्धावर गेलेल्या माणसांच्या मानाने ती पंधरा-वीस वर्षांनी तरी लहान. पण ते खोटं बोलत नाहीयेत, त्यांना तसं आठवतंय. फॉकनर म्हणतो की त्यांच्यासाठी भूतकाळ म्हणजे मागे मागे निमुळता होत जाणारा रस्ता नसतो, एक मोठं कुरण असतं ज्याला हिवाळा कधी लागतच नाही. तेव्हाच्या मॉडर्निस्ट लेखकांना घड्याळाचा वेळ आणि मनातला वेळ यातली फट दिसायला लागली होती, पॅरिस-लंडनमधल्या लेखनात ती एकेका माणसाच्या डोक्यात असते, फॉकनरने ती अख्ख्या गावाच्या डोक्यात नेऊन ठेवली. क्रम विस्कटलेला आहे कारण गाव गॉसिप करताना असंच सांगतं, आणि सोयीचं आधी, गैरसोयीचं मागून.

लिहिलं कधी हेही बघा. 'द साउंड अँड द फ्युरी' ऑक्टोबर १९२९ मध्ये आली, त्याच महिन्यात न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला, त्या शरदात हा गृहस्थ युनिव्हर्सिटीच्या वीजघरात रात्रपाळी करत पुढची कादंबरी लिहीत होता, आणि १९३० मध्ये त्याने ऑक्सफर्डमधलं १८४० च्या दशकातलं एक पडकं घर विकत घेतलं, होय, खरंखुरं युद्धाआधीचं. त्याच १९३० मध्ये नॅशव्हिलच्या बारा दक्षिणी लेखकांनी मिळून जाहीरनाम्यासारखं एक पुस्तक काढलं की उत्तरेची यंत्रसंस्कृती नको, आपली जुनी शेतीवाडीची परंपराच खरी. ती मंडळी हुशार होती, पण त्यांच्या परंपरेत टोब कुठे बसतो ते शोधायला भिंग लागतं. ही गोष्ट त्यांना उत्तर म्हणून लिहिलेली नाही, ती आधी आलीय, तरी एकाच वर्षात एकीकडे परंपरेचं आवाहन आणि दुसरीकडे परंपरेच्या बंद खोलीतला वास, हे शेजारी ठेवून लिहिलंत तर परीक्षक खूश होईल.

शेवटी गुलाब. फॉकनर पुढे १९५७-५८ मध्ये व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीत राहायला होता, मुलं त्याला हेच विचारायची. गोष्टीचं मूळ म्हणून त्याने सांगितलं ते एवढंच की ओसाड घरात उशीवर पडलेला केस डोळ्यांसमोर आला, बाकी ती भूतकथा. आणि नावाबद्दल त्याचं म्हणणं साधारण असं की त्या बाईच्या वाट्याला काही आलंच नाही, तिला एक सलाम म्हणून. त्यामुळे गुलाब म्हणजे होमर, गुलाब म्हणजे प्रेम, गुलाब म्हणजे दक्षिण वगैरे ओढून आणू नका. मजकुरात तो शब्द येतो फक्त त्या फोडलेल्या खोलीत, पलंगाच्या पडद्यांचा विटलेला गुलाबी रंग आणि दिव्याच्या गुलाबी शेड. म्हणजे जो रंग तिने स्वतःसाठी निवडला होता तो गावाने पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यावर चाळीस वर्षांची धूळ होती, आणि तिथे उभं राहून खाली बघत राहिलो असं जे वाक्य आहे, बराच वेळ आम्ही नुसते उभे होतो, तिथे माझ्या अनुवादात मी 'आम्ही' खोडून 'आपण' केलंय. संपादकांनी पेन्सिलने गोल करून बाजूला प्रश्नचिन्ह काढलंय. अजून उत्तर दिलेलं नाही मी.